पोलीस ठाण्यासाठी इमारत संपादनाची नोटीस आल्यास काय करावे

नोटीस हाती पडताच ती कोणत्या कायद्याखाली काढली आहे हे आधी पाहावे, कारण मालकाचे हक्क त्यावरच ठरतात. इमारत केवळ भाड्याने मागितली असेल, तर तो करार आहे आणि त्याला नकार देता येतो. विकास आराखड्यात त्या जागेवर पोलीस ठाण्याचे आरक्षण असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ पाहावा. अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षे झाली तरी जागा घेतली गेली नसेल, तर कलम १२७ खाली खरेदी सूचना (जागा संपादित करा, असे प्राधिकरणाला कळवणारी मालकाची नोटीस) बजावता येते आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली न गेल्यास आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते.

सक्तीचे संपादन २०१३ च्या भूसंपादन कायद्याने होते. त्याच्या कलम २ मधील सार्वजनिक प्रयोजनांत राज्य पोलिसांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि जमिनीच्या व्याख्येत तिच्यावरील बांधकामही येते. म्हणून ‘पोलिसांसाठी घर घेताच येत नाही’ या युक्तिवादावर वेळ घालवू नये. ही जागा योग्य आहे का आणि एवढे क्षेत्र खरोखर लागते का, यावर भर द्यावा. कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत दाखल करून तिची पोच घ्यावी आणि सुनावणीची मागणी त्याच अर्जात नोंदवावी. मोजणीसाठी राहत्या घरात शिरायचे असल्यास रहिवाशाची संमती किंवा किमान सात दिवसांची लेखी सूचना आवश्यक असते.

वाड्याचा पुढचा भाग तेवढा घेण्याचा प्रस्ताव असेल, तर कलम ९४ अवश्य वाचावे. संपूर्ण इमारत घ्यावी अशी मालकाची इच्छा असल्यास तिचा केवळ काही भाग संपादित करता येत नाही. अर्धे घर पाडल्यावर उरलेले राहण्याजोगे राहत नाही, हे जाणणारी ही तरतूद मला या कायद्यातील सर्वांत माणुसकीची वाटते.

बांधकामाचे मूल्य जिल्हाधिकारी अभियंत्याकडून ठरवून घेतात. तरीही मालकाने स्वतःचा मूल्यांकन अहवाल, छायाचित्रे, मंजूर नकाशा आणि मालमत्ता पत्रक तयार ठेवावे. भरपाईवर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे तेवढीच जादा रक्कम, मिळते. कायद्याने मान्य केलेला भाडेकरूही हितसंबंधित व्यक्ती असल्याने त्याने आपला दावा स्वतंत्रपणे मांडावा. पूर्ण भरपाई दिल्याशिवाय ताबा घेता येत नाही. याला अपवाद असलेले कलम ४० मुख्यतः देशाचे संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा आणि नैसर्गिक आपत्ती यांपुरते आहे, त्यामुळे नेहमीच्या ठाण्यासाठी त्याचा आधार घेतला गेल्यास तातडीचे कारण लेखी मागावे.

निवाड्याची, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयाची, रक्कम अपुरी वाटत असेल, तर ती ‘निषेध नोंदवून’ स्वीकारत असल्याचे पावतीवर लिहावे, अन्यथा कलम ६४ खाली दाद मागण्याचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्या अर्जासाठी सहा आठवडे मिळतात.