‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ घरी पाहायचा तर असा पाहा

दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा हा 1966 चा वेस्टर्न (काउबॉयपट) ‘फार संथ आहे’ म्हणून अर्ध्यात सोडणारे बरेच भेटतात. बहुतेक वेळा दोष चित्रपटाचा नसतो, तो कसा पाहिला याचा असतो. इथे संवाद कमी आहेत, पहिली काही मिनिटं तर कुणी बोलतच नाही. सगळा भार चौकटीवर आणि आवाजावर आहे, आणि टीव्हीवर कंपनीने ठेवलेली सेटिंग्ज नेमकी तीच दोन्ही बिघडवतात.

आधी आवृत्ती निवडा. अमेरिकेत दाखवलेली सुमारे 161 मिनिटांची आहे, 2003 मध्ये जोडकाम करून केलेली सुमारे 179 मिनिटांची. लांब आवृत्तीतल्या जादा प्रसंगांसाठी क्लिंट ईस्टवुड आणि ईलाय वॉलक यांनी तेव्हा नव्याने आवाज दिले; वॉलक सत्त्याऐंशीच्या घरात होते, ते ऐकताच कळतं. तिसरे मुख्य नट ली व्हॅन क्लीफ हयात नव्हते, त्यामुळे त्यांचा आवाज दुसऱ्याचा आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याने 161 चीच घ्यावी. रंगही तपासा: 2014 च्या फोरके (4K, जास्त स्पष्ट चित्राच्या) प्रतीवर पिवळसर झाक आहे. वाळवंटातलं आकाश हिरवट-पिवळं दिसलं तर ती प्रत सोडा. 2021 च्या फोरके डिस्कमध्ये रंग बरेच सुधारले आहेत.

आता टीव्ही. चित्राचं प्रमाण 2.35:1 आहे, म्हणजे वर-खाली काळ्या पट्ट्या येणारच. 55 इंची पडद्यावर चित्राची उंची जेमतेम 52 सेंटिमीटर उरते, म्हणून नेहमीपेक्षा जवळ, दोनेक मीटरवर बसा. पट्ट्या घालवायला झूम अजिबात करू नका. कडा कापल्या की लिओनेचं अर्धं काम गेलं. त्याचा अलिखित नियम असा, की चौकटीबाहेरचं पात्रांनाही दिसत नाही. म्हणूनच नदीकाठची अख्खी सैन्याची छावणी ब्लाँडी (ईस्टवुड) आणि टुको (वॉलक) यांच्यासमोर अचानक उभी राहते, आणि कब्रस्तानात कडेने एक फावडं येऊन पडतं तेव्हा आपणही दचकतो.

चित्र गुळगुळीत करणारी सोय (एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो) बंद करा. नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे पुसणारी सोय) हीसुद्धा बंद. हा चित्रपट टेक्निस्कोप पद्धतीने चित्रित झालाय: एका चौकटीला फिल्मच्या कडेची चारऐवजी दोनच छिद्रं, म्हणजे फिल्म निम्मी लागते, पण दाणे जास्त दिसतात. ते दाणे पुसायला गेलात तर घाम, सुरकुत्या, दाढीचे खुंट पुसले जाऊन चेहरे मेणाचे होतात. आणि चेहरे हाच तर इथला मुलूख आहे! पहिल्याच शॉटमध्ये उजाड माळ दिसतो न दिसतो, तोच एक राकट चेहरा आत सरकून तो झाकून टाकतो.

मूळ मोनो (एकाच वाहिनीचा) आवाज मिळत असेल तर तोच लावा, अनेक स्पीकरसाठी केलेल्या 5.1 मिश्रणात बंदुकांचे कित्येक आवाज बदललेत. ओठ आणि शब्द जुळत नाहीत म्हणून ऑडिओ डिले (आवाज मागे-पुढे करणारी सेटिंग) हलवत बसू नका. नट आपापल्या भाषेत बोलले, आवाज नंतर चढवला. शंका असेल तर गोळीचा धूर आणि आवाज एकदम येतात का, एवढं पाहा.

संगीतकार एनिओ मोरिकोनेची मुख्य धून तिघांसाठी एकच आहे, वाद्य मात्र निराळं: ब्लाँडीला बासरी, एंजल आईजला (व्हॅन क्लीफ) ओकारिना हे फुंकवाद्य, टुकोला माणसाचा आवाज. हे माहीत असलं की पडद्यावर कुणी यायच्या आधीच कान टवकारतात.

मध्यंतर घ्यायचंच असेल तर मठात टुकोचं भावाशी भांडण होतं, मग गाडीवर ब्लाँडी त्याला आपला चिरूट देतो, तिथे थांबा. शेवटच्या तासात मात्र उठू नका. पुलाचा प्रसंग, मग टुकोची थडग्यांमधली धाव, मग दगडी वर्तुळातला तिघांचा सामना, हे सलगच हवं. बर्गोस प्रांतातलं ते कब्रस्तान स्पॅनिश सैनिकांनी चित्रीकरणासाठी उभारलं होतं, हजारो खोट्या थडग्यांसकट.

संपल्यावर तो सामना दोनदा पुन्हा पाहा. एकदा आवाज बंद करून: दूरचा शॉट, मग कंबर, मग पिस्तुलावरचा हात, मग फक्त डोळे, आणि प्रत्येक शॉट आधीच्यापेक्षा आखूड होत जातो. दुसऱ्यांदा डोळे मिटून, नुसतं ऐकत.