अलार्म ५ सेकंदांवर लावून मोकळं होऊ नका

मी एका पतसंस्थेचं नेटवर्क सांभाळते. १४ शाखा, सर्व्हर एकाच जागी. सुरुवातीला आम्ही सरासरी रिस्पॉन्स टाइम (रिक्वेस्ट, म्हणजे सर्व्हरकडे केलेली मागणी, पुरी व्हायला लागणारा वेळ) ५ सेकंदांवर गेला की अलार्म, असं ठेवलं होतं. तो कधी वाजलाच नाही. घाटाखालच्या शाखेतल्या कॅशियरताईंचा मात्र फोन यायचा, "मॅडम, खातं उघडेपर्यंत दारापर्यंत रांग गेली." त्यांच्या मोजक्या रिक्वेस्ट बाकी शाखांच्या हजारोंत बुडून जायच्या.

म्हणून सरासरी सोडा आणि ९५वा पर्सेंटाइल घ्या, म्हणजे शंभरातल्या ९५ रिक्वेस्ट जेवढ्या वेळात पुऱ्या होतात तो आकडा. शाखावार घ्या आणि कामावारही. शिल्लक बघणं आणि दिवसअखेरचा रिपोर्ट एका मापाने मोजू नका. रिपोर्टला ४० सेकंद लागले तरी काउंटरवर कोणी ताटकळत नाही.

आधी महिनाभर नुसतं मोजा, म्हणजे पगाराची तारीख आणि बाजाराचा दिवस दोन्ही सापडतात. आमच्याकडे गर्दीतही शिल्लक १.२ सेकंदांत दिसते. त्यावरून इशारा २ वर आणि रात्री उठवणारा अलार्म ४ वर ठेवला.

असे आकडे गोळा करून अलार्म देणारं प्रोमिथियस हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर इथे नीट बघा. त्याचा हिस्टोग्राम किती रिक्वेस्ट किती वेळात झाल्या हे कप्प्यांत मोजतो. त्याच्या तयार कप्प्यांच्या हद्दी १, २.५, ५, १० सेकंद अशा असतात. १ आणि २.५ च्या मध्ये नेमकं काय घडलं हे त्याला ठाऊक नसतं, तो अंदाजाने आकडा काढतो. २ वर अलार्म हवा तर २ ची हद्द स्वतः घाला; ४ चंही तसंच. शिवाय सगळ्यात वरची हद्द १० असेल, तर पर्सेंटाइल १० च्या पुढे दाखवलाच जात नाही. १२ सेकंदांवर लावलेला अलार्म जन्मात वाजणार नाही.

सलग ५ मिनिटं आकडा वर राहिला तरच वाजू द्या. लहान शाखेत ५ मिनिटांत सहाच रिक्वेस्ट आल्या, तर एका रखडलेल्या रिक्वेस्टवर अलार्म होतो. अशा शाखेला वगळू नका, तिथे अर्ध्या तासाचा हिशोब धरा.

टीसीपी हँडशेकचा, म्हणजे माहिती जाण्याआधी शाखा आणि सर्व्हर यांची जोडणी होण्याचा, वेळ वेगळा नोंदवा आणि अलार्मच्या मेसेजमध्येच दाखवा. हँडशेक नेहमीसारखा आणि उत्तराचा पहिला बाइट उशिरा, तर सर्व्हर किंवा डेटाबेस बघा. गेल्या वेळी घाटाखालच्या शाखेचा मेसेज आला, त्यात हँडशेक ३८० मिलिसेकंद होता, एरवी ३५ असतो. म्हणजे अडचण लाइनमध्येच; डेटाबेसला हात न लावता मी थेट लाइनवाल्यांना फोन केला.