चेंबर खोलल्याशिवाय बयाणा देऊ नका: बांधलेलं जुनं ट्रक इंजिन बघायला जाताना

कुर्ल्याला किंवा कळंबोलीला बांधलेलं, म्हणजे खोलून दुरुस्त करून पुन्हा जुळवलेलं, इंजिन बघायला निघणार असाल तर आदल्या दिवशीच फोन करून दोन गोष्टी ठरवून घ्या. आम्ही पोचेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही, आणि चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, खोलून दाखवावं लागेल. दुसरी गोष्ट ऐकून समोरचा कुरकुरेल. पॅकिंग फुटतं, ऑइल वाया जातं, मिस्त्रीला वेळ नाही, असं सांगेल. पॅकिंग, ऑइल आणि मिस्त्रीची मजुरी आमची, म्हणून सांगा. तरी नाहीच म्हणाला तर जाऊ नका. मागच्या खेपेला मी बाकी सगळं तपासलं आणि चेंबर तेवढं राहू दिलं, म्हणून हे लिहितोय.

खालचे आकडे ५.९ लिटरच्या सहा सिलिंडर, बारा व्हॉल्व्हच्या कमिन्सचे आहेत. दुसरं इंजिन असेल तर त्याच्या मॅन्युअलमधून आकडे काढून कागदावर लिहून न्या. तोंडपाठ आहेत म्हणू नका, गाळ्यातल्या घाईत विसरायला होतं. सोबत टॉर्च, फीलर गेज, ५० ते ७५ मिमीचा मायक्रोमीटर, टॉर्क पाना, काट्याचं ऑइल प्रेशर गेज, चेंबरचं नवं पॅकिंग आणि १५डब्ल्यू-४० ऑइलचा कॅन. गेज स्वतःचं न्या, तिथल्या गेजवर विसंबू नका.

पोचल्यावर आधी ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर इंजिन आधीच गरम करून ठेवलंय. थंड इंजिनाचा स्टार्ट, पहिला धूर आणि पहिली खडखड तुम्हाला कळू नये, एवढाच त्यात हेतू असतो. तास-दोन तास थांबायची तयारी ठेवा, नाहीतर परत या. चंदेरी रंगाकडे लक्ष देऊ नका, पण रंगाखाली हेडच्या कडेला किंवा पाण्याच्या प्लगभोवती ओघळ दिसतोय का ते बघा. ऑइलची पट्टी काढून ऑइल दोन बोटांत चोळा. मधासारखं जाड आणि चिकट लागलं तर प्रेशर वाढवून दाखवायला जाड ऑइल भरलेलं आहे. ते काढून तुमचं भरा, मगच सुरू करा.

गेज जोडून इंजिन निदान अर्धा तास चालवा. पाणी फिरतं ठेवा, रेडिएटर नसेल तर ड्रम लावायला सांगा. गरम झाल्यावर स्लोला १० पीएसआय आणि पूर्ण रेसला ३० पीएसआय ही कंपनीने दिलेली अगदी खालची हद्द आहे. नुकतंच बांधलेलं इंजिन तिच्या बरंच वर असायला हवं. हद्दीला टेकलं असेल तर बांधलं काय, फक्त रंगवलंय. ऑइल भरायचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल, नव्या रिंगा अजून बसलेल्या नसतात. उडून पडलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगांमधून गॅस खाली चेंबरमध्ये येतोय. मग एकेका नोझलचा पाइप ढिला करून बघा, दर वेळी इंजिनचा आवाज बसला पाहिजे. ज्या सिलिंडरला फरक पडत नाही तिथे नोझल किंवा कॉम्प्रेशन गेलंय. पांढरा धूर थंडपणी चालतो, निळा कधीच नाही.

एवढं सगळं चांगलं निघालं की विकणारा हिशेबावर येतो. इथेच थांबा आणि चेंबर खोला. प्रेशर चांगलं आहे म्हणून सोडू नका, कारण प्रेशर दाखवायची युक्ती चेंबरच्या आतच असते. झिजलेल्या क्रँकवर (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) जुनंच बेअरिंग बसवतात, शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पत्तीच्या) मागे पातळ पत्रा नाहीतर कागद घालतात, किंवा बेअरिंग आवळून धरणाऱ्या कॅपची तोंडं कानशीने घासून बेअरिंग आवळून घेतात. त्या दिवशी काटा झकास दाखवतो. गाडी भरून घाट चढायला लागली की शेल फिरतं, ऑइलचं भोक बंद होतं आणि क्रँक जळतो. बाहेरून कुठल्याही तपासणीत हे कळत नाही.

इंजिन चेन पुलीला लावा आणि ऑइल काढून चेंबर उतरवा. तळाला आणि जाळीत काय अडकलंय ते आधी बघा. सिलिकॉनचे तुकडे म्हणजे हलगर्जी काम, तांबूस चमक म्हणजे बेअरिंगचा वरचा थर गेलेला. मग इंजिन हाताने फिरवून एक आणि सहा नंबरचे जर्नल, म्हणजे क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, खाली आणा (ते जोडीनेच येतात) आणि त्यातल्या एकाची बिग एंडची, म्हणजे पिस्टनच्या रॉडच्या खालच्या टोकाची, कॅप उघडा. कॅप आणि रॉडवरचे नंबर जुळतात का, एकाच बाजूला आहेत का बघा. शेल कॅपमधून काढून पुसा आणि उलटं करून पाठ वाचा. तिथे एसटीडी (स्टँडर्ड, मूळ माप), ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.०० असं लिहिलेलं असतं. आकडा म्हणजे क्रँक तेवढे मिमी ग्राइंड करून बारीक केलाय. पाठीमागे पत्र्याचा, कागदाचा किंवा काळपट चकाकीचा माग दिसला की सौदा बंद. कॅपच्या तोंडावर कानशीचे आडवे ओरखडे दिसले, तरी बंद.

आता जर्नलला मायक्रोमीटर लावा. स्टँडर्ड ६९ मिमी. शेलवर ०.५० असेल तर ६८.५० च्या जवळ यायला हवं. उभं-आडवं दोन्हीकडून मोजा, फरक ०.०५ च्या वर नको. विकणारा "क्रँक वीसला आहे" (इंचाच्या हिशेबात वीस, म्हणजे साधारण ०.५० मिमी) म्हणाला आणि शेलवर १.०० निघालं, तर पुढच्या वेळी ग्राइंडिंगला जागाच उरत नाही, नवा क्रँक घ्यावा लागेल. तो खर्च किमतीतून वजा करायला सांगा किंवा निघा. शेवटी जर्नल जिथे क्रँकच्या पाकळीला (आडव्या बाहूला) मिळतो त्या कोपऱ्यातून नख फिरवा. गोलाई लागली पाहिजे. ग्राइंडिंगवाल्याने कोपरा काटकोनात कापला असेल तर क्रँक तिथूनच तुटतो. असंच मधलं एक मेन बेअरिंगही (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारं) उघडा. बिग एंड नवं आणि मेन जुनंच, असं काम सर्रास होतं. कॅप बसवताना ऑइल लावून ३५, ७० आणि १०० न्यूटन मीटर अशा तीन टप्प्यांत आवळा. मेन कॅपचा टॉर्क वेगळा असतो, तो मॅन्युअलमधूनच घ्या.

चेंबर खाली आहे तोवर टॉर्चने वर बोअर बघा. या ब्लॉकला मुळात लाइनर (आत बसवलेली वेगळी नळी) नसतो, बोअर थेट ब्लॉकमध्येच, १०२ मिमी. पिस्टन ०.५० आणि १.०० मोठे मिळतात, त्यापुढे स्लीव्ह, म्हणजे बोअरमध्ये नवी नळी ठोकणं. बोअरच्या तळाला वेगळी कड दिसली तर स्लीव्ह आधीच घातलेली आहे. होनिंगच्या (बोअर दगडाने घासल्याच्या) तिरक्या रेघा ताज्या दिसायला हव्यात. क्रँकला पुढे-मागे खेळ किती आहे ते डायल लावून बघा, ०.४३ च्या वर नको.

टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवा, पंखा घराला घासायला नको. डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन बिल मागा. पुढच्या टायमिंग केसमधली डॉवेल पिन (केस जागेवर धरणारी छोटी खीळ) सुटून गिअरमध्ये पडते, तिला आडवी पट्टी लावली आहे का विचारा. लावली नसेल तर बसवण्याआधी स्वतः लावा.

नंबर ब्लॉकवरचा आणि पाटीवरचा जुळवा. आजूबाजूला घासल्याच्या खुणा नकोत. बिल आणि ज्या गाडीतून उतरलं तिच्या आरसीची प्रत घ्या, नाहीतर आरटीओत इंजिन बदलाची नोंद अडते. लेथवाल्याची बोअर-ग्राइंडिंगची पावती असेल तर तीही. तोंडं प्लास्टिकने बांधून टेंपोत चढवा.

बयाणा चेंबर परत बसल्यावर. आधी नाही.