पहिल्या वॉर्ड पोस्टिंगला जाताय? या चुका टाळा

बी.एस्सी. नर्सिंग असो की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), पहिल्या पोस्टिंगच्या आदल्या रात्री सगळ्यांना एकच धास्ती असते: इंजेक्शन चुकलं तर? इंटर्नशिप संपेपर्यंत जे पाहिलं त्यावरून सांगते, इंजेक्शन देताना आपल्या हातून फारसं बिघडत नाही, कारण तेव्हा ट्यूटर शेजारीच उभ्या असतात. बिघडतं ते कोणाचं लक्ष नसताना. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घेताना, नाव विचारताना, युरिन बॅग रिकामी करताना.

श्वास न मोजता लिहून टाकणे

सकाळच्या राउंडआधी सगळ्या वॉर्डाचे व्हायटल्स (ताप, नाडी, श्वास, बीपी) व्हायला हवेत म्हणून धावपळ असते. अशा वेळचा चार्ट बघा. श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, १८, २०. ताप थर्मामीटर दाखवतो, नाडीचा आकडा बोटाला लावलेला ऑक्सिमीटर दाखवतो. श्वास मात्र आपल्यालाच उभं राहून मोजावा लागतो, म्हणून तो हमखास अंदाजाने लिहिला जातो. पोस्टिंगमध्ये लागणारी ही सगळ्यात वाईट सवय आहे असं माझं ठाम मत आहे. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपी पडायच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. एखाद्या आजींचा श्वास ३० आहे आणि आपण २० लिहिलं, तर राउंडला त्यांच्या पलंगापाशी कोणी जास्त वेळ का थांबेल?

मोजायची पद्धत सोपी आहे. मनगट धरून नाडी मोजा. मोजून झाली तरी हात सोडू नका, तसंच धरून पुढचं मिनिटभर छातीकडे किंवा पोटाकडे बघा. ‘आता श्वास मोजते हं’ असं सांगितलंत की पेशंटचा श्वास लगेच बदलतो. घड्याळ पूर्ण ६० सेकंद लावा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका श्वासाची चूक चारची होते. मोठ्या माणसात १२ ते २० नॉर्मल. त्याच्या वर आला तर पुन्हा मोजा, आणि २४च्या पुढे असेल तर चार्टवर लिहून पुढे निघून जाऊ नका, तिथल्या तिथे सिस्टरांना सांगा.

वेळ पुरलाच नाही तर? रकाना रिकामा ठेवा आणि इनचार्ज सिस्टरांना सांगा, ‘सिस्टर, ९ ते १२ नंबर राहिलेत.’ ओरडा बसेल, बसू दे. रिकामा रकाना पाहून कोणीतरी विचारतं तरी.

बीपी ऐकूच येत नाही

पहिल्या आठवड्यात हे सगळ्यांचं होतं. आधी स्टेथोच्या इअरपीसची टोकं पुढच्या बाजूला, म्हणजे नाकाच्या दिशेला वळलेली आहेत का बघा. मग डायफ्राम (स्टेथोची पेशंटला टेकवायची चकती) बोटाने हलकेच टिचकावून आवाज येतोय का तपासा. ब्लाउजच्या बाहीवरून किंवा स्वेटरवरून कफ (बीपी घेताना दंडाला गुंडाळायचा पट्टा) बांधला असेल तर सोडा आणि उघड्या दंडावर बांधा. बाही वर सरकवल्यावर दंडाला काचत असेल तर तीही चालणार नाही. पडदा ओढा, आजींना सांगा, हात मोकळा करून घ्या. लाजून घाई करणं इथे महागात पडतं.

आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवा. नाडी लागेनाशी झाली की त्याच्या २० ते ३० मिमी वर न्या आणि मग सेकंदाला साधारण २ मिमी या वेगाने सोडत ऐका. ही पायरी गाळली तर काही पेशंटमध्ये मधला आवाज हरवतो आणि वरचं बीपी प्रत्यक्षापेक्षा कमी लिहिलं जातं. जाड दंडाला लहान कफ लावला किंवा हात पलंगाखाली लोंबकळत ठेवला तर उलट ते जास्त येतं. एवढं करूनही ऐकू आलं नाही तर मिनिटभर थांबून पुन्हा घ्या, आणि तरीही नाही आलं तर सिस्टरांना बोलवा. कालचा आकडा बघून ‘तेवढंच असेल’ म्हणून लिहू नका.

‘तुम्ही जाधव ना?’

असं विचारायचंच नाही. तापाने ग्लानीत असलेला पेशंट हो म्हणतो, कमी ऐकू येणारे आजोबा मान डोलावतात, आणि घाबरलेला माणूस सिस्टर जे म्हणेल त्याला हो म्हणतो. आपल्याकडे एका वॉर्डात तीन जाधव आणि दोन पाटील सहज निघतात. बेड नंबरवरही विसंबू नका, रात्रीतून पेशंट खिडकीजवळच्या पलंगावर हलवलेला असतो. ‘काका, तुमचं पूर्ण नाव सांगा’ एवढंच म्हणा आणि केस पेपरवरचं नाव व रजिस्ट्रेशन नंबर जुळवा. बोलू न शकणाऱ्या पेशंटचं नाव नातेवाइकांना विचारा आणि हातावरचा बँड पाहा.

इन्सुलिनची सिरिंज

इथे मी सगळ्यात जास्त जीव तोडून सांगेन. आपल्याकडे इन्सुलिनच्या वायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) ४० युनिट प्रति मिली अशाही येतात आणि १०० युनिट प्रति मिली अशाही. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपणाची ४०ची, केशरी टोपणाची १००ची. ऑर्डर २० युनिटची आहे, वायल १००ची आहे आणि हातात लाल टोपणाची सिरिंज आली, तर २०च्या खुणेपर्यंत भरलेलं औषध असतं अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. अडीचपट! उलट अदलाबदल झाली तर पेशंटला फक्त ८ युनिट मिळतात आणि शुगर का उतरत नाही हे कोणालाच कळत नाही. वायलवरचा आकडा मोठ्याने वाचा, सिरिंजवरचा वाचा, दोन्ही सारखे असतील तरच भरा आणि भरलेली सिरिंज सिस्टरांना दाखवा.

शिवाय जेवणाची गाडी आलीय का ते आधी बघा. इन्सुलिन वेळेवर दिलं आणि ताट तासाभराने आलं, की पेशंटला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात. जेवण आधी आणि इन्सुलिन नंतर असं स्वतःच्या मनाने करू नका, उशीर होतोय हे सिस्टरांच्या कानावर घाला.

ड्रिप आणि इनटेक-आउटपुट (शरीरात किती गेलं, किती बाहेर आलं)

ड्रिपचे थेंब ठरवताना सेटच्या पाकिटावर एका मिलीला किती थेंब ते वाचा. ५०० मिली ४ तासांत द्यायचं असेल, तर २० थेंबांच्या सेटने मिनिटाला ४२ थेंब पडतात, ६०च्या मायक्रो सेटने १२५. थेंब लावून निघून गेलात की पेशंट कूस बदलतो आणि वेग बदलतो, त्यामुळे अधूनमधून फेरी मारा.

युरिन बॅग बऱ्याचदा नातेवाईक किंवा मावशी रिकामी करतात आणि मोजमाप संडासात जातं. ड्युटीवर आल्या आल्या मोजपात्र दाखवून सांगून ठेवा: ‘मावशी, ओतायच्या आधी मला हाक मारा.’ चहा, पेज आणि डाळीचं पाणीही इनटेकमध्ये धरायचं.

सुई टोचली तर

टोपण परत लावायला जाऊ नका, बऱ्याचदा सुई तेव्हाच टोचते. वापरलेली सुई तिथेच कटरमध्ये कापा. कापलेली सुई पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात, सिरिंज लाल पिशवीत.

टोचलीच तर बोट पिळू नका, तोंडात धरू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच इनचार्ज सिस्टर व ट्यूटरना सांगा. विद्यार्थिनी इथेच चुकतात. ‘कॉलेजमध्ये कळेल’, ‘मलाच बोलतील’ म्हणून गप्प बसतात आणि तास निघून जातात. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो २ तासांच्या आत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, पुढे २८ दिवस घ्यावी लागतात. गरज आहे की नाही ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना कळायला हवं. ज्या पेशंटची सुई होती त्याचं नाव आणि बेड नंबर लक्षात ठेवा, त्याची तपासणी त्यावरून होते.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) पोस्टिंग सुरू होण्याआधी पूर्ण करा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली अँटिबॉडी तपासून घ्या आणि तो रिपोर्ट लॉगबुकात चिकटवून ठेवा, म्हणजे रात्रपाळीत गरज पडली तर शोधाशोध होत नाही.