माळवदावरची जादा माती पावसाळ्यापूर्वी कशी उतरवावी

सोलापूरच्या जुन्या पेठांत आणि बार्शी, मोहोळ, अक्कलकोट तालुक्यांच्या गावठाणांत माळवदाची, म्हणजे लाकडी तुळया आणि फळ्यांवर मातीचे सपाट छप्पर असलेली, घरे अजून नांदती आहेत. दर उन्हाळ्यात वर चार पाट्या पांढरी माती टाकून ती चोपली की माळवदाची निगा झाली, अशी आपली समजूत असते. टाकलेली माती मात्र कोणी कधी उतरवत नाही. आमच्या घराच्या माळवदाला कडेने छेद घेतला, तेव्हा एकावर एक बसलेले थर बोटाने मोजता येत होते, तळाशी कडुलिंबाचा काळा पडलेला पाला होता आणि जाडी भरली सव्वादोन फूट.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर एक फूट जादा माती म्हणजे एक ब्रास, आणि ती कोरडी असतानाच सुमारे साडेचार टन भरते. उत्तरा-हस्ताचा पाऊस मुरला की हे वजन आणखी वाढते आणि ते सगळे आतून वाळवीने पोखरलेल्या तुळईवर येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः जाड दगडी भिंती आणि अशाच जड माळवदांखाली सापडून.

हे काम चैत्र-वैशाखात, माती पूर्ण कोरडी असताना करावे. पाऊस सुरू झाल्यावर गळते म्हणून घाईने वर चढणे सर्वांत धोक्याचे. आधी घर रिकामे करून खालून पाहावे. तुळईच्या दोन टोकांना दोरी ताणून धरली की ती मधे किती लवली आहे हे कळते. तुळईचे भिंतीत गेलेले टोक सुरीने टोचून पाहावे, कारण ओल आणि वाळवी आधी तिथेच लागते. सुरी सहज आत गेली, तर वर पाऊल ठेवण्यापूर्वी खालून भक्कम टेकू द्यावेत आणि जाणत्या गवंड्याला किंवा सुताराला दाखवावे. या तपासणीत एक दिवस गेला तरी तो वाया गेला असे मी मानत नाही.

वर उभे राहण्यासाठी भिंतीपासून भिंतीपर्यंत पुरतील अशा फळ्या टाकाव्यात. टिकावाचे घाव घालू नयेत, कारण हादऱ्याने खालच्या फळ्या निसटतात. खोऱ्याने चार-चार बोटांचा थर खरवडत, संपूर्ण माळवदावरून सारखा काढत जावे. एकच बाजू आधी मोकळी केली, तर भार दुसरीकडे कलतो. काढलेल्या मातीचा ढीग वर घालू नये, पाटी भरली की लगेच खाली सोडावी, आणि त्या वेळी घरात व भिंतीलगत कोणीही, विशेषतः मुले, थांबू देऊ नयेत. हराळी, आघाडा, पिंपळाचे रोप दिसेल ते मुळासकट काढावे. मूळ राहिले की पाण्याला वाट मिळते.

साधारण एक वीत, म्हणजे आठ-नऊ इंच माती राहिली की थांबावे, कारण सोलापूरच्या उन्हात घर गार राहते ते या मातीमुळेच. मग दहा फुटांना तीन-चार इंच असा उतार पाणी बाहेर सोडणाऱ्या पन्हाळाकडे काढून, मातीवर हलके पाणी शिंपडून धुम्मसाने, म्हणजे माती चोपायच्या जड ठोकळ्याने, हळुवार चोपावे. पन्हाळाचे तोंड साफ करावे आणि ते भिंतीपासून हातभर तरी पुढे ठेवावे. भिंतीवरून ओघळणारे पाणीच तुळईचे टोक कुजवते.

उतरवलेली माती भिंतीच्या पायाशी साठवू नये, कारण ती ओल धरून भिंत खालून खाते. गावठाणाच्या पांढऱ्या मातीला शेतात चांगला कस असतो. ती नांगरटीपूर्वी रानात पसरावी.