गोदामासाठी क्रेन घेताना हुकाची उंची मोजा

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शेड भाड्याने घेतली की सगळे छताची उंची सांगतात. ती सोडा, हुकाची मोजा. गर्डर (क्रेनची आडवी तुळई), होइस्ट (माल वर ओढणारं यंत्र) आणि माल अडकवायचे बेल्ट बरीच उंची खातात. ट्रकच्या फाळक्यावरून नग सुटा निघेल एवढी जागा खाली उरायला हवी.

क्षमता ठरवताना मालाच्या वजनात हुकाखालचं सामानही धरा. बेल्टचा कोन तर बघाच. 2 टनांचा नग दोन बेल्टवर उचलला आणि ते आडव्या रेषेशी 60 अंशांत असले, तर प्रत्येकावर सुमारे 1.15 टन ताण येतो. 30 अंशांत पूर्ण 2 टन. बेल्ट तुटतात ते इथेच.

दिवसाला चार-पाच उचली असतील तर हाताने ओढायची चेन पुली पुरते. सतत काम असेल तर इलेक्ट्रिक होइस्ट, तोही ड्यूटी क्लास (किती सतत काम झेपतं याचा दर्जा) बघून. नाहीतर मोटर जळते.