हॅचच्या पन्हळीत पाणी साचत असेल तर: निचरा आणि नौकेचा तोल कसा तपासावा

शिडाच्या नौकेत बिछान्यावर पाणी ठिबकू लागले की बहुतेक मालक हॅचच्या (म्हणजे डेकवरच्या, नौकेच्या वरच्या तक्तपोशीतल्या, झाकण असलेल्या झरोक्याच्या) रबरी गॅस्केटला, म्हणजे झाकणाखालच्या सीलबंद करणाऱ्या पट्टीला, दोष देतात, नवे गॅस्केट आणून बसवतात आणि पुढच्या मोठ्या पावसात बिछाना पुन्हा ओला झालेला पाहतात. मीही एका नौकेवर एकाच हंगामात दोनदा गॅस्केट बदलले होते. गळती थांबली ती नाळेतली, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकातली, नांगराची साखळी मागे सरकवल्यावर. डेकशी समपातळीत बसवलेल्या हॅचभोवती जी पन्हळ असते, तिच्यातून पाणी क्षणार्धात वाहून गेले पाहिजे, या गृहीतावरच सगळी रचना उभी असते. गॅस्केट लाटेचा शिंतोडा आणि पावसाचा मारा अडवू शकते, परंतु रात्रभर उभ्या राहिलेल्या पाण्यापुढे चांगले गॅस्केटही फार काळ टिकत नाही. म्हणून पाणी आत कुठून येते हे शोधण्यापूर्वी ते बाहेर कुठे साचते आणि का साचते, हे शोधावे.

पहिली पायरी: पाण्याची खूण वाचा

कोरड्या दिवशी हॅच उघडून बॅटरीच्या उजेडात पन्हळीचे चारही कोपरे नीट पाहावेत. जिथे पाणी नेहमी उभे राहते तिथे वाळलेल्या मातीची बारीक रेघ, मिठाचा थर किंवा हिरवट शेवाळ दिसते. ही रेघ पन्हळीच्या तळाशी समांतर नसते, आणि तेच तिचे महत्त्व आहे. एका कोपऱ्यात ती नखभर उंच आणि दुसऱ्या कोपऱ्यात नाहीशी झालेली असेल, तर पाणी त्या पहिल्या कोपऱ्याकडे कलते, एवढे तुम्हाला एकही अवजार न वापरता कळते. आता निचऱ्याचे छिद्र कोणत्या कोपऱ्यात आहे ते पाहावे. रेघ आणि छिद्र एकाच कोपऱ्यात असतील तर संशय नळीवर घ्यावा. समोरासमोरच्या टोकांना असतील तर नौकेच्या तोलावर घ्यावा.

त्यानंतर पन्हळीत अर्धा लिटर पाणी ओतावे आणि त्यात खाण्याच्या रंगाचे दोन थेंब टाकावेत. रंगीत पाणी कुठे रेंगाळते आणि बाहेर कोणत्या तोंडातून पडते, हे दोन्ही टिपून ठेवावे. बाहेर काहीच पडले नाही आणि बिल्जमध्ये (नौकेच्या तळाशी पाणी साचते त्या पोकळीत) रंग दिसला, तर नळी आतल्या आत निसटलेली किंवा फाटलेली आहे.

येथे एक खबरदारी घ्यावी. थंड हवेत ॲल्युमिनियमच्या चौकटीवर आतून दव धरते आणि ते गळतीसारखेच ठिबकते. दव चौकटीच्या चारही बाजूंना सारखे असते, तर गळती एका ठरावीक जागेवरून येते. कोरड्या पहाटेही बिछाना ओला होत असेल, तर तो प्रश्न निचऱ्याचा नसून वायुवीजनाचा आहे.

दुसरी पायरी: नळी साफ करा आणि तिची वाट तपासा

पाऊस किती पाणी आणतो, याचा अंदाज सहसा कमी घेतला जातो. 60 सेंटीमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद झाकणावर 20 मिलिमीटर पाऊस पडला, तर केवळ त्या झाकणावरून 7 लिटरहून अधिक पाणी पन्हळीत उतरते, आणि आजूबाजूच्या डेकवरून वाहत येणारे पाणी वेगळेच. अरुंद नळीला पानाचा एक तुकडा किंवा दोऱ्यांचा एक बोळा पुरेसा होतो.

नळीचे बाहेरचे तोंड जलरेषेखाली (नौकेच्या अंगावर पाणी जिथवर येते त्या रेषेखाली) असेल, तर कोणतीही जोडणी सोडवण्यापूर्वी सीकॉक, म्हणजे त्या तोंडावरची झडप, बंद करावा आणि निमुळती लाकडी बूच हाताशी ठेवावी. हे पाऊल टाळून काम सुरू करू नये. मग गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात तसली जाड नायलॉन तार हळूहळू आत सारावी आणि बाहेरच्या तोंडाकडून गोड्या पाण्याचा सौम्य झोत उलटा सोडावा, म्हणजे अडकलेला गाळ ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत निघतो. दाबाखालची हवा मारण्याचा मोह आवरावा, कारण तिने डोळ्याआडची जोडणी निखळू शकते आणि ते तुम्हाला पुढच्या पावसापर्यंत कळत नाही.

नळीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार हवा. मध्येच ती झोळीसारखी लोंबली, तर त्या खोलगट भागात पाणी आणि गाळ कायम बसून राहतो. तिथे आधारपट्टी लावून ती वर उचलावी. दोन हॅचच्या नळ्या एकाच तोंडाला जोडलेल्या असतील, तर वरच्या हॅचचे पाणी खालच्या हॅचच्या पन्हळीत उलटे चढते. मी अशा जोडण्या दिसताच वेगळ्या करतो. नळी बदलायचीच असेल तर जागा असेल तेवढी मोठी घ्यावी, कारण व्यास दुप्पट केला की पाण्याला मिळणारी वाट चौपट होते.

तिसरी पायरी: नौका कशी तरंगते ते मोजा

पन्हळीला कारखान्यात दिलेला उतार फार थोडा असतो, आणि नौका नाळेकडे किंवा पिछाडीकडे जराशी जरी झुकली तरी तो पुसला जातो. जलरेषेवर 9 मीटर लांब असलेल्या नौकेची नाळ 4 सेंटीमीटर खाली आणि पिछाडी तेवढीच वर गेली, तर हा झुकाव जेमतेम अर्ध्या अंशाचा असतो. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला तो जाणवणारही नाही. परंतु 60 सेंटीमीटरच्या हॅचवर त्याच अर्ध्या अंशाने दोन टोकांत सुमारे 5 मिलिमीटरचा फरक पडतो, आणि मागच्या कोपऱ्यातले छिद्र उंचावर राहून पाणी पुढच्या कोपऱ्यात थांबते.

मोजणीसाठी पाणी शांत असावे, बांधलेले दोर सैल असावेत आणि नौकेवर कोणीही असू नये. धक्क्यावरून किंवा छोट्या होडीतून नाळेशी, पिछाडीशी आणि मध्यभागी डाव्या-उजव्या बाजूंना डेकच्या कडेपासून पाण्यापर्यंतची उंची मोजपट्टीने घ्यावी. ही मापे नौकेच्या मूळ आराखड्याशी ताडून पाहावीत. रंगवलेल्या जलरेषेवर विसंबू नये, कारण सामान वाढत गेले की मालक पुढच्या रंगकामात ती पट्टी वर सरकवतात आणि खरी रेषा रंगाखाली झाकली जाते. आराखडा मिळत नसेल तर केबिनच्या जमिनीवर पाणसळ ठेवून पाहावी. ही जमीन बहुधा जलरेषेला समांतर बांधलेली असते.

मग वजने शोधावीत. 10 मिलिमीटर जाडीची 60 मीटर साखळी सुमारे 135 किलो भरते, आणि ती नौकेच्या अगदी टोकाला असते. तोलावर वजनाइतकाच मध्यापासूनच्या अंतराचाही परिणाम होतो, त्यामुळे तेवढीच साखळी दोन मीटर मागे आणली की नाळ लक्षात येईल इतकी उचलली जाते. साखळीचा काही भाग काढून त्याऐवजी नायलॉनचा दोर घेणे हाही एक मार्ग आहे, मात्र त्याआधी तुम्ही किती खोलीत आणि कसल्या तळावर नांगर टाकता, याचा विचार व्हायला हवा. नाळेत पाण्याची टाकी असेल तर ती भरलेली आणि रिकामी अशा दोन्ही स्थितींत मोजणी करावी.

नौका पिछाडीकडे बसली असेल तर तक्रार वेगळी दिसते. पिछाडीजवळची निचऱ्याची तोंडे पाण्याखाली जातात आणि प्रत्येक लाटेबरोबर नळीतून पाणी वर ढकलले जाते. कॉकपिटच्या (सुकाणू धरून बसण्याच्या उघड्या जागेच्या) कप्प्यांत साठलेले जादा इंधन, अवजारे आणि दोर येथे पहिले संशयित ठरतात.

चौथी पायरी: कललेल्या नौकेचा विचार

नौका वाऱ्याने 15 अंश कलली की पन्हळीचा उतार निरर्थक होतो आणि सगळे पाणी खालच्या बाजूला धावते. दोन्ही बाजूंना छिद्रे नसतील तर नवे पाडावे लागते, परंतु डेकमध्ये बाल्सा लाकडाचा किंवा फोमचा गाभा असेल तर सरळ भोक पाडून मोकळे होऊ नये. हव्या त्या मापाहून मोठे भोक पाडून भोवतीचा गाभा खरवडून काढावा, ती जागा घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावी आणि ते कडक झाल्यावर त्यातून योग्य मापाचे भोक घ्यावे. उघड्या गाभ्यात शिरलेले पाणी वर्षानुवर्षे पसरत राहते आणि हॅचच्या गळतीपेक्षा कितीतरी मोठे नुकसान करते.

पाचवी पायरी: आता गॅस्केट आणि चौकट

चौकटीच्या कडेला खडू फासून झाकण बंद करावे आणि उघडून पाहावे. गॅस्केटवर खडूची रेघ जिथे तुटते तिथे दाब पडत नाही. बिजागऱ्या आणि खटके जुळवूनही रेघ सलग होत नसेल तर गॅस्केट बदलावे. नवे बसवताना ते ताणू नये, कारण ताणलेले रबर पुढे आकसते आणि सांध्यात फट पडते. सांधा बिजागरीच्या बाजूला, सरळ भागात ठेवावा. खनिज तेलाचे वंगण रबर फुगवते, म्हणून सिलिकॉनचेच वापरावे.

काचेसारखी दिसणारी ॲक्रिलिकची तावदाने उन्हात वाढतात. तापमान 30 अंशांनी बदलले की अर्ध्या मीटरच्या तावदानाची लांबी सुमारे 1 मिलिमीटरने बदलते, आणि कडक झालेले सीलंट तिथेच सुटते. साफसफाईला ॲसिटोन किंवा अमोनियायुक्त द्रव वापरल्यास ॲक्रिलिकवर बारीक तडे जातात.

सर्व काम झाल्यावर नौका प्रवासाला निघते तशी भरून घ्यावी, म्हणजे साखळी, पाणी, इंधन आणि सामान सगळे आपापल्या जागी ठेवून, आणि रंगीत पाण्याची चाचणी पुन्हा करावी. चारही मापे तारखेसह कप्प्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवावीत, म्हणजे पुढच्या वेळी बिछाना ओला दिसला तर मोजपट्टी आधी हातात येईल.